जॅकखालची माती

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत रेणू सोमला राठोड हिला सगळे ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणतात. कुणाला वाटतं ती आधार कार्डं काढून देते, कुणाला वाटतं पीकविमा भरते. एकदा एक म्हातारा सातबारा घेऊन तिच्या दारात बसला तो उठेचना. शेवटी चहा पाजून त्याला तिनं स्वतः योग्य दुकानापर्यंत सोडून दिलं. आपण काय करतो ते तिनं गल्लीला सांगून पाहिलं, चित्रं दाखवून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आता ती सांगायच्या भानगडीत पडत नाही.

काम तसं समजायला सोपं आहे. पुण्यातली एक कंपनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि नांगर बनवते. लोखंडाला हात लावायच्या आधी ती वस्तू कॉम्प्युटरमध्ये तयार होते, आणि तिथं तिचे बारीक बारीक तुकडे पाडतात. मासे धरायच्या जाळ्यासारखी जाळी दिसते ती. प्रत्येक तुकडा कोपऱ्याकोपऱ्यानं शेजाऱ्याला धरून असतो. मग त्या जाळीवर भार टाकायचा आणि कुठं किती वाकलं, कुठं किती ताण आला ते पाहायचं. कमी ताण निळा, जास्त ताण लाल. जिथं लाल दिसेल तिथं लोखंड जाड करा, एवढी साधी गोष्ट. कंपनीनं रेणूला घरून काम करायची मुभा दिली आहे. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत, सोबत आई गोमतीबाई. आईला रेणू ‘याडी’ म्हणते, थोरल्या भावाला ‘भिया’. बंजारा तांड्यावरच्या घरात गोरमाटी बोलतात, बाहेर वऱ्हाडी. आपल्याला दोघींचं बोलणं वऱ्हाडीतच ऐकावं लागेल, नाहीतर मला ते नीट सांगता यायचं नाही.

कामात रेणू पक्की आहे. पण दुपारी कंपनीची जेवणाची सुट्टी झाली की ती जेवत नाही. ती दुसरी फाइल उघडते.

त्या फाइलीत ट्रॉली नाही, नांगर नाही, लोखंडाचा तुकडासुद्धा नाही. नुसता मातीचा एक मोठा चौकोनी ठोकळा आहे. ओली, काळी माती. त्याच्या माथ्यावर बरोबर मधोमध एक बिंदू, आणि त्या एका बिंदूवर सोयाबीननं भरलेल्या ट्रॉलीच्या एका चाकाचा सगळा भार. रेणू बटण दाबते. माती खचते. सगळीकडे शांत निळं असतं आणि बिंदूपाशी एक लालभडक ठिपका. तो ठिपका बघत ती बसून राहते, आणि आतल्या खोलीत गोमतीबाईच्या ताटातली भाजी निवून जाते, कारण लेकीवाचून ती घास तोडत नाही.

या ठिपक्याखाली तिचा बाप आहे.

तांडा इंझोरीच्या पलीकडे, नाल्याच्या अंगाला. रेणूला अमरावतीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हाची गोष्ट. ती निघाली त्या दिवसाआधी परतीच्या पावसानं झोडपून काढलं होतं आणि अंगणात घोटाघोटा चिखल साचला होता. रेणूच्या पायात नवे बूट. तिचा थोरला भाऊ विनोद ट्रॉलीत चढला, तिथली बाभळीची जाड फळी त्यानं काढली आणि उंबऱ्यापुढच्या चिखलावर आडवी टाकली.

“माही बहीन सायेब होयाले चालली,” तो सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असा ओरडला. “तिच्या बुटाले चिखल नाई लागला पायजे!”

बायका हसल्या. रेणूही हसत, जरा मिरवतच, त्या फळीवरून चालत गेली.

आता काळ्या मातीत ट्रॉली हाकणाऱ्या कुणालाही विचारा. ट्रॉलीत पाणी नसलं तरी चालेल, जॅकखाली द्यायची फळी हवीच. चाक बसलं, पंक्चर झालं, की आधी फळी मातीवर, फळीवर जॅक, मग जॅकवर ट्रॉली. ओल्या काळ्या मातीवर जॅक नुसता टेकवणं म्हणजे लोण्यात सुरी उभी करणं. हे विनोदला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याच्या हाताला माहीत होतं. पण फळी अंगणात राहिली. दुपारी बापलेक सोयाबीनची पोती भरून निघाले आणि नाल्यापाशी मागचं चाक फुटलं.

विनोद म्हणाला, फळी घेऊन येतो. बाप सोमला म्हणाला, आभाळ पाय कसं आलं, माल भिजंन, टेकव तसाच. विनोदनं टेकवला. ट्रॉली उचलली गेली, चाक सुटलं, आणि आसाखाली दगड सरकवायला सोमला वाकून आत गेला. जॅक एका अंगानं मातीत रुतला, कलला आणि निसटला.

अमरावतीला पोचून रेणूनं अजून पिशवीसुद्धा उघडली नव्हती, तेव्हा फोन आला. तिनं ते काहीच पाहिलं नाही. म्हणूनच की काय, तिला ते सारखं दिसतं. डोळ्यांनी पाहिलेलं कधीतरी पुसट होतं. मनानं रचलेलं मात्र रोज नव्यानं रचलं जातं. गल्लीत कुणी पंपाची दांडी हलवली की तिला जॅकची दांडी ऐकू येते. उकळत्या वरणात मधोमध खळगा पडतो, तिकडे ती बघत नाही.

तेराव्यानंतर ऊसतोडीची टोळी सांगलीकडे निघाली, तिच्यात विनोद गेला. उन्हाळ्यात टोळी परतली, विनोद परतला नाही. तिकडंच एका रोपवाटिकेत तो झाडांना पाणी घालतो. ट्रॉलीला हात लावत नाही. लग्न केलं नाही. दिवाळीला फोन करतो. गोमतीबाई दरवेळी तेच म्हणते, “नशिबात होतं रे बाबा. तुह्यानं का झालं त्यात? घरी ये.” तो दरवेळी “येतो” म्हणतो.

सगळेच त्याला नशीब सांगत. तांड्याचा नाईक, मामा, टोळीचा मुकादम, सगळे. जो तो त्याच्या पाठीवरून हात फिरवून नशिबावर पावती फाडून मोकळा होई. विनोदनं मात्र पहिल्याच दिवाळीला रेणूला विचारलं होतं, “तू शिकून राह्यली ना? मंग सांग. फळी असती तं जॅक थांबला असता का?”

रेणू म्हणाली होती, “शिकून सांगतो, भिया.”

दुसऱ्या दिवाळीला त्यानं विचारलं, “झालं का शिकून?” तिसऱ्याला तेच. नंतर त्यानं विचारणं सोडलं. पण फोन ठेवायच्या आधी तो थोडं थांबायचा, कुणी आत येण्याची वाट पाहत दार उघडं धरून उभं राहावं तसा. रेणूला ते थांबणं विचारण्यापेक्षा जड जाई. त्याला उत्तर मिळाल्याशिवाय तो तांड्याची पायरी चढणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. गोमतीबाईला तर त्याचा चेहरासुद्धा आता नीट आठवत नव्हता, आणि ते ती रेणूजवळ रडत बोलून दाखवी.

म्हणून ती फाइल.

आणि त्या फाइलीनं रेणूला झपाटलं होतं, कारण तिच्यातून उत्तरच येईना. पहिल्यांदा तिनं जाळी ढोबळ घेतली तर माती थोडी खचली. बारीक जाळी घेतली की उत्तर अधिक खरं येतं, असा या विद्येचा नियम. तिनं तुकडे अर्धे केले. माती जवळजवळ दुप्पट खोल गेली. आणखी अर्धे केले. पुन्हा दुप्पट. जितकं जवळून पाहावं तितका बाप खाली. गंमत म्हणजे बिंदूपासून हातभर अंतरावर काहीच बदलत नसे. तिथली माती प्रत्येक वेळी तेवढीच, सांगितल्यासारखी खचे. लांबच्यांचं असंच असतं, रेणूला वाटे. लांबच्यांचं दुःख एका जागी येऊन थांबतं. ज्याच्यावर पडलं त्यालाच तळ लागत नाही.

तांड्यावर तर बापाचं भूतच झालं होतं. सोमला नाल्यावर असतो म्हणत. त्या जागी कुणी ट्रॉली उभी करत नसे. जाताना ड्रायव्हर एक विडी टाकून जात. तिथं एक खड्डा आहे आणि तो भरत नाही, असं गोमतीबाई सांगे. दर उन्हाळ्यात ती एसटीनं तांड्यावर जाई, टोपलंभर मुरूम त्यात टाके आणि पावसाळ्यानंतर पुन्हा रिकामा खड्डा बघून येई.

“खाऊन घेते थो,” ती सांगे. “कितीबी टाका.”

काळी माती उन्हाळ्यात हातहात फाटते, मुरूम भेगांतून उतरतो, यात भूत कसलं, असं रेणू एकदा म्हणाली होती. म्हणाली आणि खोलीत जाऊन फाइल उघडून बसली. शिकलेल्या माणसाचं भूत जरा वेगळ्या कपड्यांत येतं, इतकंच.

एके दिवशी दुपारी तिच्या हातून चूक झाली. कंपनीची बैठक सुरू होती, पलीकडे तिची वरिष्ठ उज्ज्वला, आणि रेणूनं नव्या नांगराचं चित्र दाखवायला म्हणून पडदा उघडला तो नेमका दुसऱ्या फाइलीचा. काळा ठोकळा आणि लाल ठिपका पुण्याला दिसला.

“हे कुठलं काम?” उज्ज्वलानं विचारलं.

“घरचं आहे, मॅडम. चुकून उघडलं.”

“थांब, बंद करू नकोस.” उज्ज्वला पडद्याच्या जवळ आली. ती बाई स्वभावानं तिखट, पण मनात खोट नाही. “रेणू, अख्खा भार तू एका बिंदूवर टाकलास?”

रेणूनं माउसवरचा हात काढून घेतला.

“बिंदूला जागा नसते. शून्य जागेवर दोन टन ठेवलेस तर माती कशी थांबेल? जाळी बारीक करशील तशी खचतच जाणार. जन्मभर करत बस, आकडा थांबायचा नाही. अगं, हे तूच मागच्या महिन्यात नव्या मुलींना शिकवत होतीस. जगात असा भार नसतोच. काहीही जमिनीवर टेकतं तेव्हा कशावर तरी टेकतं. काय आहे हे? खांब?”

“जॅक.”

“मग जॅकच्या तळाला काहीतरी आकार असेल ना! तो किती आहे?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही?” उज्ज्वलाचा आवाज एकदम उतरला. रेणूच्या तोंडून ‘माहीत नाही’ तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती नांगराचं नंतर बघू म्हणाली आणि बैठक आटोपती घेतली.

आता खरं सांगायचं तर रेणूला हे सगळं माहीत होतं. शेंबड्या पोराला कळेल अशी ती चूक, आणि रेणू काही शेंबडी पोर नव्हती. कंपनीच्या कामात तिनं असा भार कधी टाकला नसता. तिला उत्तर नको होतं, एवढंच. आकडा जोवर थांबत नाही तोवर विनोदला काही सांगावं लागत नाही. आणि थांबलेला आकडा काय म्हणेल याचा तिला पुरता अंदाज होता. त्या फळीवरून मिरवत गेलेली तीच होती. उत्तर विनोदला लागणार तसंच तिलाही लागणार होतं. म्हणून तिनं बापाला अशा बिंदूवर ठेवलं होतं जिथून तो कधीच कुठं पोचणार नव्हता, आणि त्याला ती अभ्यास म्हणत होती.

तिची तिलाच शरम वाटली. रविवारी ती एसटीत बसून तांड्यावर गेली.

ऊसतोडीचे दिवस. तांड्यावर दारादाराला कुलपं आणि ओट्यांवर धूळ. सेवालाल महाराजांच्या देवळावरचं पांढरं निशाण तेवढं हलत होतं. माणसं गेली की तांडा असा होतो. आपलीच पावलं मागून कुणी येत असल्यासारखी वाजतात. शेजारची म्हातारी धनीबाई घराच्या किल्ल्या सांभाळून होती.

“जॅक हाये का अजून?” रेणूनं विचारलं.

“हाये ना. कोन नेते? भंगारवालाबी हात लावत नाई.” धनीबाईनं किल्ली दिली आणि अंगणाकडे हनुवटीनं दाखवलं. “आन फळीबी तथीच हाये. कोनी उचलली नाई. सोमला तिच्यावर येऊन बसते म्हनतात.”

“तू पायलं का मावशी?”

“मी कायले पाहू वं? मी तिकडं पायतच नाई.”

फळी खरोखर तिथंच होती. अर्धी मातीत बुडालेली, कडेनं गवत वाढलेलं. रेणूला पळून जावंसं वाटलं, आणि तसं तिनं नंतर आईला सांगितलंसुद्धा. पण ती खाली बसली आणि फळीची लांबी-रुंदी तिनं विती टाकून मोजली. फळीवर कुणी बसलेलं नव्हतं. बाभळीचं लाकूड अजून दणकट होतं.

जॅक घरात पत्र्याच्या पेटीमागे पोत्यात गुंडाळलेला. तिनं तो उलटा केला. तळाला चौकोनी लोखंडी बैठक. तिच्यावर तिनं आपला तळहात ठेवला. बैठक तळहाताखाली झाकली गेली. इतक्या वर्षांत जो बिंदू म्हणून तिच्या उरावर बसला होता तो एवढा होता, तिच्या हाताएवढा. तिला रडू फुटलं आणि धनीबाई बाहेरून “का झालं वं, का झालं?” करत राहिली, उंबऱ्याच्या आत मात्र आली नाही.

परतताना ती नाल्यावरून आली. खड्डा होता. त्यात एक शेळी उभी राहून काठावरचं गवत ओरबाडत होती, आणि तिचे गुडघेसुद्धा बुडाले नव्हते.

सोमवारी दुपारी रेणूनं तो बिंदू पुसला. त्याच जागी तिनं जॅकची बैठक ठेवली, तिच्या खऱ्या मापाची, आणि भार त्या बैठकीवरून मातीत सोडला. बटण दाबलं. माती खचली. जाळी बारीक केली. आकडा वाढला, पण थोडाच. आणखी बारीक केली, नावापुरता वाढला. आणखी बारीक केली. आकडा हलला नाही. बैठकीच्या कडांना अजून लाल होतं, ते वाढत राहणार होतं. पण खोली थांबली होती. चार बोटं.

रेणूनं आपली चार बोटं जोडून समोर धरली. खरी माती याच्याही थोडी पुढं गेली असेल, ओली माती काही कॉम्प्युटरचं सगळं ऐकत नाही. पण एका अंगाला चार बोटं रुतलेला जॅक कलायला आणि निसटायला तेवढं पुरेसं होतं. तिनं पुन्हा चालवून पाहिलं. चार बोटं. तो आकडा असा स्थिर बसलेला बघून तिला आधीपेक्षा जास्त भीती वाटली.

मग तिनं बैठकीखाली फळी घातली आणि डोळे मिटून बटण दाबलं. उघडले तेव्हा उत्तर तयार होतं. जेमतेम एक बोट, आणि तेही सगळीकडून सारखं. जॅक सरळ उभा.

गोमतीबाई दारात येऊन उभी होती. तिला चित्रातलं काही कळत नसलं तरी लेकीच्या तोंडावरचं कळत होतं.

“का निंगालं?”

“फळी असती तं बापू वाचला असता, याडी.”

गोमतीबाई खाली बसली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “त्याले असं सांगू नको.”

“मंग का सांगू?”

“सांग का फळीनं काई झालं नसतं. तू शिकेल हायेस, तुह्यं ऐकंन थो. आमचं कोनाचं ऐकलं नाई त्यानं. तू म्हनशीन तं घरी येईन.” तिनं रेणूचा हात धरला. “एक खोटं बोल माह्यासाठी. मेलेला थोडाच सांगाले येते! जित्ता तेवढा घरी आन.”

आई सांगत होती त्यात चूक काही नव्हतं. एका खोट्यावर भाऊ परत मिळणार असेल तर कोण बहीण मागं हटेल? आणि खरं सांगितलं तर? तो माणूस इतकी वर्षं, फळीनंही काही झालं नसतं, या एका शक्यतेवर तगून होता. ती काढून घेतली तर तो काय करून बसेल कुणास ठाऊक. खोटं बोलायचं असं तिनं ठरवलं. चांगलं पक्कं ठरवलं, मनातल्या मनात वाक्यसुद्धा जुळवलं, आणि फोन लावला. दिवाळी नव्हती. विनोद घाबरूनच बोलला.

“का झालं? याडी बरी हाये ना?”

“बरी हाये. इथंच हाये. भिया, माहं शिकून झालं.”

पलीकडे पाण्याच्या पाइपाचा आवाज येत होता. तो बंद झाला.

“किती खचली व्हती?” विनोदनं विचारलं.

हा प्रश्न तिनं धरलाच नव्हता. फळीचं विचारेल म्हणून फळीचं खोटं तिनं तयार ठेवलं होतं. खोलीचं खोटं तिच्याजवळ नव्हतं.

“चार बोटं,” ती म्हणाली. “जॅकखालची माती चार बोटं खचली.”

“चार बोटं?”

“हो.”

“एवढीच?”

त्याचा आवाज असा झाला की रेणूनं फोन कानाला घट्ट दाबला.

“मले तं सपनात थो जातच रायते, रेणू,” तो म्हणाला. “खाली, खाली. मी दांडी धरून रायतो आन थो जातच रायते. तळच नाई लागत. चार बोटं? माह्या हाताची चार बोटं?”

“हो भिया. हाताची.”

गोमतीबाई रेणूच्या तोंडाकडे बघत होती, ओठ हलवत होती: सांग, आता सांग.

“आन फळी असती तं?”

रेणूनं जुळवलेलं वाक्य ओठापर्यंत आलं. तिला ते म्हणायचं होतं. पण आत्ताच त्यानं विचारलं होतं, माह्या हाताची का, आणि ती हो म्हणाली होती, आणि तो हो खरा होता. त्याच्या मागोमाग खोटं सोडायला तिची जीभ उचलेना.

“फळी असती तं एक बोट खचली असती. सारखी. जॅक उभा राह्यला असता.”

“म्हंजे बापू वाचला असता.”

“हो.”

गोमतीबाईनं कपाळावर हात मारला. पलीकडे काहीच ऐकू येईना. रेणूला वाटलं फोन कटला. मग कटला नाही हे कळलं, आणि ते कळणं जास्त भयंकर होतं. तिनं दोनदा “भिया” म्हणून हाक मारली.

“इतक्या वर्सात मले कोनी हो नाई म्हनलं,” विनोद म्हणाला. तो रडत होता, लहान मूल रडतं तसा मोकळा. “जो तो नशीब म्हने. मले ठाव व्हतं ना वं! माह्या हाताले ठाव व्हतं. आन सगळे म्हनत नाई, नाई. मले वाटे मी येडा होऊन राह्यलो. याडीबी म्हने नाई.”

“फळी माह्या बुटासाठी काढली होती तू,” रेणू म्हणाली. “मी चालत गेली तिच्यावरून. आन बापूनंच टेकव म्हनलं.”

“ते हाये. पन टेकवला म्या.”

“हो. टेकवला तू.”

तो रडत राहिला. मग नाक ओढून म्हणाला, “याडीले दे.”

गोमतीबाईनं फोन घेतला खरा, पण तो कानाला लावायला तिला धीर होईना. लेकीनं सगळं घालवलं, असंच तिच्या तोंडावर होतं. शेवटी तिनं लावला. तिकडून विनोद काय बोलला ते रेणूला ऐकू आलं नाही. तिला दिसलं ते एवढंच की आईचं तोंड हळूहळू बदललं. इतक्या दिवाळ्यांना म्हटलेलं ते एक वाक्य तिच्या ओठावर आलं, ‘नशिबात होतं रे’, आणि तिनं ते गिळलं.

“हो रे बाप्पा,” गोमतीबाई म्हणाली. “चुकलं तुह्याकून.” तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. “चुकलं. आता घरी ये.”

पलीकडून विनोदनं विचारलं, वाशिमवरून मंगरूळले शेवटची यष्टी कितीले असते.